टेड मॅक यांना, उशिरा का होईना

आदरणीय टेड मॅक,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही, नॉर्थ सिडनीचे एकेकाळचे महापौर, २०१८ मध्येच गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडायचं नाही. तरी आभार मानायचे राहिलेत, ते मानते.

ऑस्ट्रेलियात, नॉर्थ सिडनीत आमच्या घरामागे उंच इमारत येणार असं कळलं, तेव्हा मी इथे नवखी होते. शेजारच्या आजी मला प्रिसिंक्ट कमिटीच्या, म्हणजे वस्तीतल्या रहिवाशांच्या समितीच्या, बैठकीला घेऊन गेल्या. टेबलावर नकाशे पसरलेले. त्यातला एक नुसता सावलीचा: २१ जूनला, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, सकाळी नऊ ते दुपारी तीन कोणाच्या खिडकीवरचं ऊन कधी जाणार ते दाखवणारा. आमची गॅलरी, जिथे मी कपडे वाळत घालते, ती साडेअकरापासून काळी. "तुमचं काय म्हणणं?" असं समितीतल्या लोकांनी मला विचारलं. मला मतदानाचा हक्क नव्हता, बोलताना इंग्रजी अडखळत होतं. तरी माझं म्हणणं लिहून घेतलं. इमारत झालीच, पण दोन मजले कमी करून.

ही पद्धत तुमच्या काळात रुजली, हे मागाहून समजलं. तुम्हीसुद्धा घरामागच्या टॉवरपायीच राजकारणात ओढले गेलात म्हणे. त्यात पेशाने आर्किटेक्ट, म्हणजे नकाशात काय काय दडवता येतं ते पुरतं ठाऊक! १९८० मध्ये महापौर झालात, कौन्सिलच्या फायली लोकांना खुल्या केल्यात, महापौरांची मर्सिडीज विकून लोकांसाठी बस घेतल्यात. पुढच्याच वर्षी अपक्ष उभे राहून विरोधी पक्षनेते ब्रूस मॅकडॉनल्ड यांना पाडलंत आणि राज्याच्या विधानसभेत गेलात. १९९० ते १९९६ कॅनबेरात, देशाच्या संसदेत खासदार. दोन्हीकडची पेन्शन लागू व्हायच्या आधीच राजीनामा किंवा निवृत्ती! सगळे हीच गोष्ट सांगतात, आणि गावाकडे सांगितली तर कोणाला खरी वाटत नाही. मला मात्र त्या फायलींचं मोल जास्त वाटतं. पेन्शन तुमची होती, तुम्ही सोडलीत. फायली आमच्या कामी आल्या.

एक मात्र पटलं नाही. प्रजासत्ताक हवं असूनही, राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा नसेल तर नकोच, म्हणून १९९९ च्या सार्वमतात तुम्ही 'नाही'च्या बाजूने उतरलात. ब्रिटनची राणीच राष्ट्रप्रमुख राहिली ना त्यामुळे!

असो. आमच्या इमारतीत नागपूरचं एक जोडपं नुकतंच राहायला आलंय. येत्या बैठकीला त्यांना घेऊन जाणार आहे.

कळावे,
तुमच्या मतदारसंघातली एक रहिवासी