टँकरच्या रांगेतलं हसू

लातूर

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू 'चला हवा येऊ द्या' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या निलेश साबळेचं नाव काढलंस आणि मी विषयच बदलला. मनाला लागलं होतं रे. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

२०१६चा उन्हाळा आठवतो ना? १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. त्याआधीच पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागली होती. आपल्या गल्लीत टँकर कधी येईल त्याचा काही नेम नव्हता. सोमवारी रात्री साडेनऊला 'चला हवा येऊ द्या' लागलं की आई टीव्हीचं तोंड खिडकीकडं फिरवायची, बाहेर घागरी मांडून बसलेल्या बायांना दिसावं म्हणून. भाऊ कदम साडी नेसून आला की मागच्या घरची आजी तोंडात पदर कोंबून हसायची. एकदा हसण्याच्या नादात तिची घागर पुढं सरकवायची राहिली, तर मागच्या बाईनं न बोलता स्वतःच्या हातानं सरकवली. त्या उन्हाळ्यात! घागरीवरून डोकी फुटायची वेळ आलेली असताना.

आणि मग सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचा. अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायला लागला की सगळी खिडकी गप्प. शेतकऱ्याचं पत्र असलं की आई उठून आत जायची. मला वाटतं, त्या कार्यक्रमाची खरी ताकद तिथं होती. हसता हसता तो थांबायचा, म्हणून त्याच्या हसण्यावर आपला विश्वास बसला होता. लेखन, दिग्दर्शन, सूत्रसंचालन, तिन्ही साबळेकडं. कधी थांबायचं हे त्याला कळायचं.

पुढं पुढं कार्यक्रमातलं तेच काल्पनिक गाव थुकरटवाडी, तीच साडी, पाहुणे तेवढे वेगळे. मार्च २०२४मध्ये तो बंद झाला तेव्हा वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. दहा वर्षं आठवड्याला नवं काढायचं म्हणजे विहीर आटणारच.

लगेच एप्रिलमध्ये दुसऱ्या वाहिनीवर साबळेचा नवा कार्यक्रम आला, 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' भाऊही होता, ओंकार भोजनेही. मी आणि आई जेवणं उरकून बसलो. प्रहसनामागून प्रहसन आलं, पण तो थांबा मला कुठं सापडला नाही. हेच वाक्य आधी तो प्रेमानं विचारायचा. आता कार्यक्रमाच्या पाटीवर चढून ते हुकमासारखं वाटायला लागलं. आई म्हणाली, "दमलाय बिचारा." आणि वाती वळायला घेतल्या. काही महिन्यांतच तोही बंद झाला. पुढं 'हवा येऊ द्या' परत आलं, पण सूत्रं अभिजीत खांडकेकरकडं. मन लागलं नाही.

मला साबळेचा राग नाही. त्यानं वर्षभर काही करू नये, गावोगाव हिंडावं, उसाच्या फडात बसावं, आणि मग लिहावं असं फार वाटतं. त्याच्या हातात अजून आहे, मी कुणाशीही पैज लावीन.

तुला ती पोस्टमनची पत्रं पाठ होती ना? जेवढं आठवतं तेवढं लिहून पाठव. आईला हल्ली फोनवरचं बारीक अक्षर दिसत नाही, मी वाचून दाखवीन. मागच्या घरची आजीही येते संध्याकाळी.

तुझाच,
गल्लीतला गडी