मागे कुकर वाजतो

पंचवटी, नाशिक
रविवार सकाळ

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

थंडी यंदा कडाक्याची आहे. सकाळी गंगेवर गेलं तर धुक्यात पलीकडचा घाट दिसत नाही. निफाडहून मामाचा फोन होता, दोन रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसलाय. घर ठीक आहे, काळजी करू नका. माळा आवरून घेतला, आणि त्यासाठीच हे पत्र.

पितळी डब्याखाली एक कॅसेट सापडली. वर बाबांचं अक्षर: 'सौ. हिच्या ओव्या. संक्रांत १९९१. मागे कुकर वाजतो.' शालिमारजवळच्या एका दुकानात ती मोबाइलवर उतरवून घेतली. बावीस मिनिटं आहेत. तिसऱ्या ओवीला खरंच शिट्टी होते आणि आई, तू न थांबता आवाज थोडा वर नेतेस.

मला त्यावरून वॅश्टी बन्यन आठवली. ही इंग्लंडमधली बाई. स्वतः गाणी लिहिते, चाल लावते, गिटारवर गाते. सातपूरला जाताना बसमध्ये मी गेली कितीतरी वर्षं तिलाच ऐकत आलेय. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण इंग्रजी गाणी म्हणून तुम्ही बाजूला ठेवाल असं वाटायचं. ते माझंच चुकलं.

१९६५ मध्ये तिची पहिली छोटी तबकडी निघाली. पुढच्या बाजूला रोलिंग स्टोन्स या गाजलेल्या बँडच्या जॅगर-रिचर्ड्स यांनी लिहिलेलं गाणं, आणि तिचं स्वतःचं मागच्या बाजूला. नाव काही झालं नाही. मग १९६८ साली ती जोडीदाराबरोबर बेस नावाची घोडी आणि एक गाडी घेऊन लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. आपल्याकडे निवृत्तिनाथांच्या दिंडीत अभंग म्हणत चालतात, तशी ती वाटेवर गाणी रचत गेली. घोडीसाठी, पावसासाठी, संध्याकाळच्या चुलीसाठी. त्यांचाच अल्बम झाला, 'जस्ट अनदर डायमंड डे', १९७० चा. जेमतेम अर्ध्या तासाचा. आवाज इतका हळू की शेजारी झोपलेल्या लेकराला जाग येऊ नये. एका गाण्याला तर तिने 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल तशीच घेतलीय, आणि तरी ते तिचंच वाटतं.

तो अल्बम कुणी घेतलाच नाही. तिने गिटार ठेवून दिली, ती जवळजवळ तीस वर्षं. मुलं वाढवली, जनावरं सांभाळली. स्वतःच्या मुलांसाठीसुद्धा ती गायली नाही, असं तिनेच सांगितलंय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्र्यंबक नाक्याला उतरायची विसरले.

पुढे घरात कॉम्प्युटर आला, तिने त्यावर सहज आपलं नाव टाकून पाहिलं, तर लोक तिचा तो जुना अल्बम शोधत होते. २००० साली तो पुन्हा बाजारात आला. आणि २००५ मध्ये, पस्तीस वर्षांनी, दुसरा अल्बम आला: 'लुकआफ्टरिंग'. म्हणजे सांभाळणं, निगा राखणं. सगळे पहिल्याचंच कौतुक करतात, मला मात्र हा जास्त जवळचा. पहिल्यात वाट आहे, यात घर आहे. आपल्या लेकराकडे बघून 'तू आधीही इथे येऊन गेलायस का' असं विचारणारं एक गाणं आहे त्यात. साठीच्या बाईचा आवाज, पण तितकाच हळू. मधली सगळी वर्षं त्या आवाजात मुरलीयत.

तिसरा, 'हार्टलीप', २०१४ चा. तो तिने बराचसा घरीच, एकटीने, सात वर्षं घेऊन केला. पियानो दोन्ही हातांनी एकदम वाजवता येत नाही म्हणून उजव्या हाताचं वेगळं, डाव्याचं वेगळं रेकॉर्ड करून जुळवलं. त्यात आईवरचं एक गाणं आहे. आई एकटी असताना गाते, नाचते, आणि लहान मुलगी अर्धवट उघड्या दारातून बघते. तिला आत जाता येत नाही, गेलं तर गाणं थांबेल.

आई, मी त्या दारात उभी राहिलेय. दुपारी सगळे आडवे झाले की तू गहू पाखडायला बसायचीस. सुपाच्या कडेवर बांगड्यांचा ठेका पडायचा आणि तू म्हणायचीस:

थंडी पडली बाई थंडी, बागेत केला धूर
भाऊ माझा राती जागा, बहीण त्याची दूर

ही ओवी मी इतकी वर्षं परंपरेतली समजत होते. कॅसेटमध्ये बाबा विचारतात, 'ही कुठली?' आणि तू म्हणतेस, 'माझीच.' बाबा, तुम्ही हे विचारलंत म्हणून मला कळलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांना कुणी गीतकार म्हटलं नाही. वॅश्टीलाही फार उशिरा म्हटलं. मी तुला आत्ता म्हणतेय.

तू गाणं नेमकं कधी सोडलंस ते मला आठवत नाही. आजी अंथरुणाला खिळल्या तेव्हा, की आम्हा दोघांची दहावी-बारावी आली तेव्हा? आम्हीही विचारलं नाही. घरातलं एवढं मोठं काही बंद पडलं आणि आम्ही जेवत राहिलो, याचं मला फार वाईट वाटतं.

संक्रांतीला पुण्याला येतेय. दादाला सांगितलंय, त्या दुपारी टीव्ही बंद. आवाज बसलाय, दम लागतो असं तू म्हणशील. बसलेला असू दे. सुचलेल्या नव्या असतील तर त्या आधी, नसतील तर बागेच्या धुराचीच म्हण. वॅश्टीचे तिन्ही अल्बम मोबाइलवर आहेत, ते आपण नंतर बसून ऐकू.

बाबा, रेकॉर्डिंगचं तुमच्याकडे. आणि त्याला नाव काय द्यायचं, मागे काय वाजत होतं, ते तुमच्याच अक्षरात लिहा.

तिळगूळ आणि गुळाची ढेप सोबत आणते.

तुमची,
ताई