ठेव मोडू नका, कर्जाचं गणित असं आहे

ती. आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, पोस्टातले दहा लाख मोडून माझ्या कर्जात टाकायचे, हे तुमचं जवळजवळ ठरल्यासारखं दिसतंय. फोनवर आकडे नीट मांडता येत नाहीत, त्यात आई मध्येच पाटल्या विकायचा विषय काढते, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. कर्ज लवकर संपवायचं हे माझंही नक्की आहे. फक्त ते तुमच्या ठेवीतून नको, आणि माझं बचत खातं कोरडं करूनही नको.

आजची स्थिती अशी: बाकी मुद्दल ३२ लाख, दर ८ टक्के, उरलेले हप्ते १८०, हप्ता ३०,५८१ रुपये. यातले २१,३३३ व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ९,२४८ नं कमी होतं. असंच चालू ठेवलं तर पंधरा वर्षांत व्याजच २३ लाखांवर जाईल. तुम्हाला याचीच धास्ती वाटते आणि ती खरी आहे.

आता तुमची ठेव. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुम्हाला ८.२ टक्के मिळतात, आणि ठेव ठेवली त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये येतात. दोन वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे आत्ता मोडलीत तर मुद्दलातून १ टक्का, म्हणजे १०,००० कापून घेतील. म्हणजे ८.२ टक्के मिळवून देणारा पैसा दंड भरून काढायचा आणि ८ टक्क्यांचं कर्ज फेडायचं. तुम्हीच सांगा, हा कसला हिशेब?

दहा लाख भरले तर १८० ऐवजी ९९ हप्त्यांत कर्ज संपतं आणि व्याजाचे जवळपास १५ लाख वाचतात, हे मीही मांडून पाहिलंय. पण ते १५ लाख म्हणजे दहा लाखांवर वर्षानुवर्षं ८ टक्क्यांनी साचणारं व्याजच आहे. तोच पैसा तुमच्याकडे त्याहून थोडं जास्तच कमावतोय. शिवाय घरात घातलेला पैसा उद्या तुमच्यापैकी कुणाच्या दवाखान्यासाठी चार दिवसांत बाहेर काढता येत नाही. आणि दादा-वहिनींना न विचारता एवढी रक्कम एका लेकरावर घालू नये, असं मला वाटतं. आईवडिलांनी दिलेल्या रकमेवर मला कर लागत नाही, तो मुद्दा नाही. पाटल्यांचंही तसंच. विकताना घडणावळ आणि जीएसटी कुणी परत देत नाही. आई, त्या तुझ्या हातात बऱ्या दिसतात.

मी कशानं सुरुवात करणार, तर जादा भरणा न करण्यापासून. हे ऐकून बाबा चष्मा काढतील, पण ऐका. माझा महिन्याचा खर्च हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, चिनूची शाळा आणि बस, पाळणाघर, किराणा, वीज, प्रवास असं सगळं धरून ७१ हजारांच्या आसपास जातो. घरात दोघं कमावते असताना तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक पुरते, कारण एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्याचा पगार चालू असतो. आता कमावणारी मी एकटी आहे, त्यामुळे सहा महिन्यांचे, म्हणजे सव्वाचार लाख बाजूला हवेत. सध्या अडीच आहेत. सव्वाचार होईपर्यंत कर्जात वरचा एक रुपयाही टाकणार नाही. एक महिन्याचा खर्च बचत खात्यात आणि बाकी पन्नास-पन्नास हजारांच्या वेगवेगळ्या एफडींमध्ये ठेवणार, म्हणजे गरज पडली तर एकच मोडायची.

असं का, ते सांगते. आगाऊ दोन लाख भरले म्हणून पुढचा हप्ता माफ होत नाही. मुद्दल कमी होतं, पण पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला ३०,५८१ खात्यात हवेच. लोक उत्साहानं बोनस भरून टाकतात आणि त्याच महिन्यात मूल आजारी पडलं की हप्ता बाऊन्स होतो. दंड लागतो तो लागतोच, सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासात, नोंदही राहते. भरलेला पैसा बँकेकडून परत हवा असेल तर टॉप-अप कर्जाचा, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्जाचा, अर्ज करायचा, त्याला पुन्हा पगारपत्रकं द्यायची. नोकरी गेलेल्या बाईला ते कोण देणार?

दुसरं काम दराचं, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. माझं कर्ज रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याला, जोडलेलं आहे. २०२२ च्या मे महिन्यापासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रेपो ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हा बँकांनी हप्ता तोच ठेवून बहुतेकांची मुदत गुपचूप लांबवली. २०२५ मध्ये तो ५.२५ पर्यंत खाली आला. पण रेपोवर बँक जो स्वतःचा टक्का लावते तो जुन्या ग्राहकाला जास्त आणि नव्याला कमी असतो. शाखेत दर कमी करण्याचा अर्ज द्यायचा, काही हजार रूपांतर शुल्क भरायचं. दर ८ वरून ७.५ झाला आणि हप्ता तोच राहू दिला, तर १८० चे १७१ हप्ते होतात. अर्ज देताना ‘हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा’ हे लेखी द्यायचं. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यावी लागते. काउंटरवरचा माणूस आपणहून विचारेलच असं नाही.

मग भरणा. बोनसचे दोन लाख एकदम भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर साधारण २० हप्ते कमी होतात आणि व्याजाचे सुमारे ४ लाख २० हजार वाचतात. तेच दोन लाख भरून मुदत तीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला, तर महिन्याला १,९११ रुपये हलकं वाटतं, पण एकूण वाचतात फक्त १ लाख ४४ हजार. पैसे तेवढेच, फरक फॉर्मवरच्या एका खुणेचा. सुरुवातीच्या वर्षांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे हीच रक्कम दहा वर्षांनी भरली तर एवढा फायदा दिसत नाही.

एकरकमीपेक्षा मला महिन्याची वाढ जास्त झेपेल असं वाटतं. हप्त्यात दरमहा ५,००० वाढवले तर कर्ज १३८ व्या हप्त्याला संपतं, म्हणजे साडेतीन वर्षं आधी, आणि सुमारे ६ लाख वाचतात. एक अडचण मात्र असते: हप्ता ज्या नाच मँडेटनं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या लेखी परवानगीनं, कापला जातो, त्यावर कमाल रक्कम लिहिलेली असते. नवा हप्ता त्याहून मोठा झाला तर नवं मँडेट द्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच महिन्यात तो परत जातो.

नुसते पैसे कर्जखात्यात टाकून भागत नाही, बाबा. काही ठिकाणी ते आगाऊ हप्ता म्हणून पडून राहतात आणि मुद्दल कमी होतच नाही. त्यामुळे ‘पार्ट पेमेंट’ची विनंती वेगळी करायची, चेक दिला तर त्यावर कर्जखात्याचा क्रमांक लिहायचा, आणि हप्ता कापला गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच भरायचं, कारण मुद्दल उतरलं की व्याजही त्या दिवसापासून कमी लागतं. नंतर हप्त्यांचं नवीन वेळापत्रक मागून तीन गोष्टी बघायच्या: बाकी मुद्दल, उरलेले हप्ते, हप्त्याची रक्कम. काही संस्था वर्षातून किती वेळा आणि कमीत कमी किती भरायचं याची अट घालतात, ती करारपत्रात असते. व्यक्तीच्या नावावरच्या तरत्या, म्हणजे बदलत राहणाऱ्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लावता येत नाही, त्यामुळे तुम्ही ऐकलेला ‘दोन टक्के दंड’ मला लागू नाही. स्थिर दराच्या कर्जाला लागू शकतो.

काकांना सांगा, कर वाचतो म्हणून कर्ज चालू ठेवायचं हा सल्ला माझ्या कामाचा नाही. मी नव्या करपद्धतीत आहे, आणि तिथे राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या पद्धतीतही ती वर्षाला २ लाखांपर्यंतच. शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये कर वाचवायचा, यात शहाणपण ते काय?

चिनूचं सुकन्या खातं मात्र थांबवणार नाही. तिथे सध्या ८.२ टक्के आहेत, तेही करमुक्त, आणि कर्ज ८ ला. ते बंद करून कर्ज फेडणं उलटं होईल. आई, तुला नातीच्या नावानं तिथं खातं उघडायचं होतं, पण ते फक्त आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात, आणि मुलीला एकच खातं. तिच्या वाढदिवसाला पैसे द्यायचेच असतील तर मला दे, मी याच खात्यात भरीन. वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात. आणि चिनूच्या बाबांकडून तिच्यासाठी जे येतं, ते मी कर्जाच्या हिशेबात धरतच नाही. ते कधी महिन्याच्या पाच तारखेला येतं, कधी वीसला. हप्ता त्यावर टेकवला तर दर महिन्याला जीव टांगणीला. ते सगळं शाळेच्या फीच्या आरडीत जातं.

घटस्फोटात घरावरून चिनूच्या बाबांचं नाव निघालंय, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या शेजारच्या ताईंची मुलगी त्याच वाटेवर आहे, म्हणून क्रम लिहिते. कोर्टातल्या संमतीच्या अटींत ‘कर्ज पत्नी फेडेल’ असं लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नसतं. सहकर्जदार म्हणून नाव असेपर्यंत दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार राहतात. बँक एकटीच्या पगारावर पुन्हा पात्रता तपासते, मग नवा करार होतो. घराचा हिस्सा नावावर घ्यायला नोंदणीकृत दस्त लागतो. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक २०० रुपये, अधिभार वेगळा. घटस्फोटाचा हुकूम झाला की ते नातं कायद्यानं उरत नाही आणि ही सवलतही नाही. म्हणून बँकेची परवानगी आणि दस्त, दोन्ही हुकमाआधी करायला सांगा.

विम्याचं राहिलं होतं, तेही मार्गी लावतेय. बँक कर्जासोबत जो विमा गळ्यात मारते तो घेणार नाही. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळतात, त्यावरही व्याज लागतं, आणि कर्ज उतरेल तसं संरक्षणही घटतं. त्याऐवजी एक कोटीचा साधा मुदतीचा विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. नॉमिनी चिनू, पण ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असल्यानं तिच्या वतीनं पैसे घेणारी ‘अपॉइंटी’ व्यक्ती नेमावी लागते. आई, तुझं नाव मनात होतं, पण पंधरा-वीस वर्षांचा मामला आहे, म्हणून दादाचं घालतेय. त्याची सही लागेल, फॉर्म कुरिअरनं पाठवते. मेडिक्लेमही आता आम्हा दोघींचा स्वतंत्र घेतलाय, कारण चिनूच्या बाबांच्या कंपनीच्या पॉलिसीत माझं नाव राहत नाही.

कर्ज संपेल तेव्हाच्या कामाची यादी दादालाही देऊन ठेवणार आहे. फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचे ते सांगणारा बँकेचा कागद, ज्या तारखेपर्यंत लागू असतं, त्याच्या आत पैसे भरायचे. थकबाकी नसल्याचा दाखला, मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे सगळं परत घ्यायचं, आणि कर्ज घेताना दिलेल्या कागदांच्या यादीशी एकेक जुळवायचं. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सोसायटीच्या दप्तरात बँकेच्या बोजाची नोंद असते, दाखला देऊन तीही काढून घ्यायची.

तुमची मदत मला हवीच आहे, पण वेगळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाळणाघर दिवसभराचे महिन्याला ११,००० घेतं. एप्रिल-मे दोघं इकडे येऊन राहिलात तर २२,००० वाचतात आणि चिनूला घरचं जेवण मिळतं. तिला आजीच्या हातची आंबोळी हवी असते, माझी चिकटते. गुडघ्यांसाठी आईला जिना नको असेल तर काळजी नको, लिफ्ट चालू झालीय.

बाबा, पोस्टाच्या पासबुकात नॉमिनी लिहिलेला आहे का ते बघा आणि त्या पानाचा फोटो पाठवा. नसेल तर पोस्टात नामनिर्देशनाचा फॉर्म भरून द्या, आईचं नाव आधी. ठेवीचं व्याज ज्या बचत खात्यात जमा होतं, तिथेही तेच बघा.

तुमची,
लेक