शोकाच्या घरी जाण्याआधी

चि. मृण्मयी हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मैत्रिणीचा भाऊ प्रार्थनेला गेला आणि गोळीबारात सापडला, हे वाचून किती तरी वेळ नुसती बसून राहिले. तू उद्या त्यांच्या घरी जाणार आहेस. तिथे काय बोलायचं, देवाने हे कसं होऊ दिलं असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, आणि मारेकऱ्याच्या धर्माचा म्हणून ज्या वर्गमित्राशी सगळे बोलेनासे झालेत त्याच्याशी कसं वागायचं, असं तू विचारलंस. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्यांची सरमिसळ करतात आणि तिथूनच घात होतो.

आधी त्या घरचं बघू. बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. त्याचे चाकर लुटारूंनी कापले, मुलं वादळात घर कोसळून गेली. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. मग ते बोलू लागले: निरपराध माणसाचा कधी नाश होतो का, तुझ्या मुलांनी पाप केलं असेल. शेवटी देवाचा राग होतो तो या मित्रांवर, आणि ते तर देवाचीच बाजू मांडत होते! ज्यू लोकांत यावरून रीतच पडली की सुतकाच्या सात दिवसांत भेटायला गेलेल्याने घरच्यांनी तोंड उघडेपर्यंत आपण बोलायचं नाही. पीडिताशी ईयोबाच्या मित्रांसारखं बोलणं ही तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात शब्दांनी केलेल्या छळात मोडणारी गोष्ट आहे.

तेव्हा आत गेल्यावर बस. बोलावंसं वाटलं तर ‘मी आले आहे’ एवढं पुरतं. त्याचं नाव घ्यायला घाबरू नकोस. नाव टाळलं की घरच्यांना तो दुसऱ्यांदा पुसला गेल्यासारखं वाटतं. त्याची एखादी खरी आठवण असेल तर सांग, नसेल तर रचू नकोस. घटना कशी घडली, तो कुठे उभा होता, हे खोदून विचारू नकोस. घरच्यांनी ते पोलिसांना, डॉक्टरांना आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालेलं असतं. ‘काही लागलं तर सांग’ असंही म्हणू नकोस, कारण काय लागतंय हे शोधायचं काम पुन्हा त्यांच्याच डोक्यावर पडतं. त्यापेक्षा नेमकं विचार: दुपारी दोन ते पाच मी फोन घेऊ का? मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती आणू का? धाकटीला शाळेतून आणायचं मी बघू का?

काही वाक्यं तिथे हमखास ऐकू येतील. ‘देवाची इच्छा.’ ‘त्याची वेळच भरली होती.’ ‘मागच्या जन्मीचं काही तरी असणार.’ ‘एवढी गर्दी असते हे माहीत असताना गेलाच कशाला?’ पहिली तीन श्रद्धेची वाटतात, चौथं व्यवहाराचं. पण चारही वाक्यांतून एकच गोष्ट होते: गोळी झाडणारा माणूस चित्रातून बाहेर जातो आणि मेलेल्याकडे बोट वळतं.

चांगली माणसंसुद्धा असं का बोलतात, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९६६ साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं: एका मुलीला विजेचे धक्के बसत आहेत असं. धक्के खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. जिथे त्या मुलीची सुटका करणं बघणाऱ्यांच्या हातात होतं, तिथे त्यांचं तिच्याबद्दलचं मत फारसं वाईट झालं नाही. जिथे यातना चालूच राहणार होत्या आणि बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, तिथे त्यांनी तिलाच कमी लेखलं. जग न्यायाने चालतं हा विश्वास सोडवत नाही, म्हणून ज्याला मार बसला त्याच्यातच खोट शोधली जाते. म्हणून तुला फोन घ्यायला, दाखले आणायला सांगते आहे. हाताला काम असलं की जीभ दोष शोधत फिरत नाही.

आता कर्माचं. तुला वाटतं तसं आपल्याकडे या प्रश्नाचं एकच उत्तर नाही. महाभारतात अनुशासनपर्वाच्या सुरुवातीला, एवढा संहार झाल्यावर युधिष्ठिर स्वतःला दोष देत असताना, भीष्म त्याला गौतमीची गोष्ट सांगतात. तिचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाचा पारधी साप बांधून आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? गौतमी म्हणते, सोड त्याला, याला मारून माझा मुलगा उठणार नाही. साप म्हणतो, मला मृत्यूने धाडलं. मृत्यू म्हणतो, मला काळाने. काळ म्हणतो, आम्ही कुणीच नाही, मुलाचं कर्म. आणि गौतमी ते मान्य करते, वर म्हणते की माझ्याही कर्मानेच माझा मुलगा गेला.

बरेच जण ही गोष्ट ‘बघ, सगळं कर्माने होतं’ एवढ्यावर आणून ठेवतात. मला त्यात दुसरंच महत्त्वाचं दिसतं. कर्माचं बोलणं तिथे आई स्वतः स्वीकारते, स्वतःला त्यात धरते, आणि त्याच्या जोरावर सुडाचा हात आवरते. शेजारीण येऊन तिला ते ऐकवत नाही. उद्या मैत्रिणीची आईच म्हणाली की आमचं नशीब, तर ‘असं म्हणू नका’ म्हणून वाद घालू नकोस. तो आधार तिचा आहे, तिला धरू दे. तेच वाक्य तू तिला सांगितलंस तर तो आरोप होतो.

बुद्धाचं उत्तर तर आणखी स्पष्ट आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाने त्याला विचारलं, माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्माने, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्धाने आठ कारणं सांगितली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, स्वतःची हयगय, दुसऱ्याने केलेला हल्ला, आणि आठवं कर्मफळ. हल्ला हे वेगळं कारण म्हणून मोजलेलं आहे. येशूपुढेही लोकांनी असाच एक प्रसंग मांडला होता. पिलात या रोमन सुभेदाराने गालीलच्या काही लोकांना ते यज्ञबळी देत असतानाच मारलं, तेव्हा ते इतरांपेक्षा मोठे पापी होते असं समजता काय, असा उलट प्रश्न करून त्याने ‘नाही’ असंच उत्तर दिलं.

मग देवाने होऊ का दिलं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते उद्याच्या उद्या द्यावं लागत नाही. कुणी रडत विचारलं तर तो प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नसतो. जवळ बस, हात धर.

वर्गमित्राबद्दल मात्र ठाम सांगते. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ माणसं मारली गेली. पहिल्या काही तासांत जाणकार म्हणवणारे लोक इस्लामी दहशतवादाबद्दल बोलत होते. मारेकरी निघाला नॉर्वेचाच, मुसलमानांचा द्वेष करणारा. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी एका पेट्रोलपंपाच्या मालकाला गोळी घातली गेली. तो शीख होता. पगडी आणि दाढी बघून मारणाऱ्याने त्याला शत्रू ठरवलं. आपण मराठी माणसांनी तर हे विसरूच नये. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून करणारा ब्राह्मण होता म्हणून आपल्याकडे गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या घरांतल्या माणसांचा खुनाशी काय संबंध होता?

एकाच्या पापाचं ओझं दुसऱ्यावर टाकू नये, हे कुराणात आहे आणि बायबलमधल्या यहेज्केलच्या ग्रंथातही आहे. म्हणून त्या मुलाकडे निषेध मागू नकोस. ‘तुमच्या लोकांनी’ असा शब्द तोंडातून निघाला तर लगेच मागे घे. वर्गात नेहमीसारखी त्याच्या शेजारी बस. मोबाईलवर काही आलं तर पहिले दोन दिवस पुढे पाठवायचं नाही, मग ते कितीही खरं वाटो. फोटो असेल तर तो जुना किंवा दुसरीकडचा असण्याचा संभव मोठा. शब्दही नीट वाच. संशयित म्हणजे ज्याच्याकडे पोलिसांचं लक्ष आहे, आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवलाय, दोषी म्हणजे पुरावा तपासून न्यायालयाने ठरवलेला. पहिल्या दिवशी दोषी कुणीच नसतो.

क्षमेचं राहिलं. २००६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत गोळीबार होऊन पाच मुली गेल्या. मारेकऱ्याने तिथेच स्वतःला संपवलं, आणि आमिश लोक त्याच्या बायकोचं सांत्वन करायला गेले. हे मोठंच आहे. पण ते त्यांच्या पंथात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं होतं आणि त्यांनी ते आपणहून केलं. अमेरिकेतच चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये २०१५ साली नऊ जण मारले गेले, तेव्हा काही नातेवाइकांनी दोनच दिवसांत न्यायालयात मारेकऱ्याला क्षमा केली, काहींनी केली नाही. खटला दोघांसाठी तसाच चालला. मैत्रिणीला ‘मन मोठं कर’ असं कुणी सांगू लागलं तर विषय बदल. तिला राग येऊ दे. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांवर जायला लागला तरच मध्ये बोल, आणि तेही तिला एकटीला गाठून.

गर्दी दहा-बारा दिवसांत ओसरेल. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जा. त्या वेळी भेटायला येणारं कुणी नसतं. आणि पोलीस किंवा न्यायालयाची पहिली तारीख कधी आहे ते आत्ताच लिहून ठेव. त्या दिवशी तिच्याबरोबर जायला कुणी तरी हवं.

पोहोचल्यावर फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी आई