ते पुन्हा कोठून येत होते

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

पीडीएफची वर्ड फाइल करून देणारा एक मोफत प्रोग्रॅम मी तुला जूनमध्ये पाठवला होता. तो तुझ्या घरच्या संगणकावर अजून असेल, तर कृपा करून त्यावरून बँकेचे कोणतेही काम करू नकोस. आमच्याकडे त्याच्यासोबत पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर आले. पूर्ण चौकशी न करता मी तो तुझ्याकडे धाडला, याचे मला फार वाईट वाटते.

शंका प्रथम हिला आली. शोधलेल्या वस्तूंच्या जाहिराती मागे लागणे आता नेहमीचेच झाले आहे, पण क्रोममध्ये काहीही शोधले की गुगलऐवजी भलतेच पान उघडू लागले. एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी पाहिली, तर आम्ही कधीच न घेतलेले एक एक्स्टेन्शन तेथे होते आणि त्याला सर्व संकेतस्थळांवरील सगळा डेटा वाचण्याची व बदलण्याची परवानगी होती. म्हणजे नेटबँकिंगच्या पानावर ही जे टाइप करते, तेही त्याच्या नजरेखालून जात होते. ते काढण्याचे बटण चालत नव्हते, आणि मेनूच्या तळाशी हा ब्राउझर 'तुमच्या संस्थेच्या' व्यवस्थापनाखाली असल्याचे लिहिले होते. ऑफिसच्या संगणकावर हे वाक्य रास्त असते; घरी ते दिसले, तर कारण शोधलेच पाहिजे.

कारण विंडोजच्या रेजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, सापडले. कंपन्यांना आपल्या सर्व संगणकांवर एखादे एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावे म्हणून क्रोमच्या पॉलिसीमध्ये जी सोय असते, तिचाच येथे गैरवापर झाला होता. मी ती नोंद पुसली, मूळ प्रोग्रॅम काढला, एक्स्टेन्शन गेले. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर ते पुन्हा जागच्या जागी!

तेव्हा मी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील 'ऑटोरन्स' हे मोफत साधन वापरले. संगणकावर जे जे आपोआप सुरू होते, ते सारे त्यात दिसते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवल्या की यादी आटोपशीर होते. शेड्यूल्ड टास्कमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांमध्ये, 'अपडेट' अशा साळसूद नावाची एक नोंद होती. प्रकाशकाचा रकाना रिकामा, आणि फाइलचा पत्ता अ‍ॅपडेटा फोल्डरमधील एका पॉवरशेल स्क्रिप्टचा, म्हणजे विंडोजला द्यायच्या आज्ञा लिहिलेल्या फाइलचा. प्रत्येक लॉगइनला ती स्क्रिप्ट मी पुसलेली नोंद नव्याने लिहीत होती.

मग इंटरनेटची वायर काढली. आधी तो टास्क, मग स्क्रिप्ट आणि शेवटी रेजिस्ट्रीतील नोंद, या क्रमाने सफाई केली. त्यानंतर विंडोजमधील डिफेंडर या अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी लावली. विंडोज सुरू होण्यापूर्वीच ती चालत असल्यामुळे दडलेल्या फायलींना आडोसा उरत नाही, आणि वेळही साधारण १५ मिनिटेच लागतो.

पासवर्ड मात्र त्या संगणकावरून बदलायचे नाहीत. मी ते फोनवरून बदलले, आणि पहिला ईमेलचा, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तेथेच येतात. शिवाय सर्व उपकरणांवरून साइन आउट केले, कारण चोरलेल्या कुकीच्या (लॉगइनची खूण ब्राउझरमध्ये जपणाऱ्या नोंदीच्या) आधारे पासवर्डशिवायही खात्यात शिरता येते. तू बँकेचे खाते आजच तपास. पैसे गेलेले दिसले, तर बँकेला कळव आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर.

रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन, आपण ऑटोरन्सची यादी मिळून पाहू. एकटा बसलास, तर कोणतीही नोंद थेट पुसू नकोस. तिच्यापुढची खूण काढली की ती बंद होते आणि चूक झाल्यास परत लावता येते.

तुझा,
विनायक