ज्येष्ठांसाठी केवळ फिरणे पुरेसे नाही

महोदय,

पहाटे पर्वतीच्या पायऱ्यांवर, तळजाईच्या पठारावर किंवा सारसबागेत गेले, की पुण्यातील ज्येष्ठ मंडळी किती नेमाने फिरायला येतात हे दिसते. त्यांच्या या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु उतारवयात स्वतःची कामे स्वतः करता यावीत हा व्यायामाचा हेतू असेल, तर केवळ फिरण्याने तो पुरता साधत नाही, आणि ही गोष्ट ज्येष्ठांना पुरेशी सांगितली जात नाही, म्हणून हे पत्र.

परावलंबन एका दिवसात येत नाही. आधी खुर्चीवरून उठताना हातांचा टेकू लागतो. मग जमिनीवर मांडी घालून बसणे सुटते, अंघोळीच्या वेळी पाय उचलून धुताना भिंत धरावी लागते, पीएमपीच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला तरी शरीर वर उचलले जात नाही, आणि पेठेतील लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी व्यक्ती हळूहळू खाली उतरणेच बंद करते. यातील बहुतेक कामांत आधी कमी पडते ते मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांमधील बळ, आणि त्याच्या जोडीने शरीराचा तोल. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. सपाट रस्त्यावर चालण्याने हृदयाला, रक्तदाबाला आणि मधुमेहाला निश्चित लाभ होतो. मात्र त्यात स्नायूंवर पुरेसा भार पडत नसल्यामुळे ही झीज रोखली जात नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहेच, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारे व्यायाम सांगितले आहेत. आपल्याकडे यातील पहिला भाग सर्वांना पाठ असतो, उरलेले दोन क्वचितच कोणाला ठाऊक असतात. अमेरिकेत 70 ते 89 वर्षे वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या 1,635 जणांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालण्याबरोबर पायांच्या ताकदीचे व तोलाचे व्यायाम दिले गेले. केवळ आरोग्यविषयक वर्गांना बसलेल्या गटाच्या तुलनेत या गटात मदतीशिवाय 400 मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका 18 टक्क्यांनी कमी आढळला. वय फार झाले, आता काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनमधील 1990 चा प्रयोग सांगावासा वाटतो. तेथील वृद्धसेवा संस्थेत राहणाऱ्या 86 ते 96 वर्षांच्या मोजक्या व्यक्तींनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, पण नव्वदीतही स्नायू प्रतिसाद देतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे, ओट्याजवळच एका पायावर उभे राहणे, रबरी पट्टा ताणणे, एवढ्यापासून सुरुवात होते. मात्र सोपे वाटू लागले की भार थोडा वाढवायला हवा, अन्यथा प्रगती थांबते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यकच आहे. तालमींच्या आणि जोर-बैठकांच्या या शहराला ताकदीचा व्यायाम नवा नाही. बी. के. एस. अय्यंगार यांनी तर खुर्ची, दोर, पट्टे यांचा आधार देऊन अशक्त शरीरालाही आसने कशी साधतील, हे याच पुण्यात दाखवून दिले.

घरच्यांनाही एक विनंती आहे. "तुम्ही बसा, आम्ही आणतो" हे प्रेमाने म्हटले जाते, परंतु उठण्याचे प्रत्येक निमित्त काढून घेतले, तर उठण्याची शक्तीही जाते.

महापालिकेच्या ज्या उद्यानांत ओपन जिम आहे, तेथे आठवड्यातून दोन सकाळी फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन मिळावे आणि तोलाच्या सरावासाठी हाताला धरता येईल असा कठडा बसवावा. प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात व्याख्यानाआधीचा अर्धा तास अशा व्यायामाला द्यावा. सकाळी घरकामामुळे बागेत येऊ न शकणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी हेच वर्ग दुपारी चारनंतर सोसायट्यांच्या सभागृहांत भरवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
सदाशिव पेठ, पुणे