त्र्यंबकची वाट नाशकातच चुकते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या आता रोज वाचायला मिळतात. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान. तोवर रस्ते, पूल, घाट व्हायचे तेवढे होतील. पण त्र्यंबकला सिंहस्थ नसतानाही बारा महिने बाहेरगावची माणसे येतात, आणि त्यांची फजिती नेमकी कुठे होते हे त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांना पाठ आहे. नाशिक ते त्र्यंबक या २८ किलोमीटरांत फारसे कोणी चुकत नाही. माणूस अडकतो त्याआधीच, नाशिकरोड स्टेशन आणि सीबीएस (शहरातले मध्यवर्ती बसस्थानक) यांच्यामधल्या नऊ-दहा किलोमीटरांत.

तेलंगण, कर्नाटकातून आलेल्या यात्रेकरूला तिकिटावर ‘नाशिक रोड’ दिसते आणि आपण नाशकात उतरलो असे वाटते. गाव अजून बरेच पुढे आहे, हे त्याला बाहेर आल्यावर कळते, आणि तेही बहुधा स्पेशल, म्हणजे अख्ख्या गाडीचा भाव सांगणाऱ्याकडून. (या दोन टोकांना जोडणारी ट्राम एके काळी होती, ती बंद पडून नव्वद वर्षे उलटून गेली.) एकट्यादुकट्याने स्टेशनवरूनच त्र्यंबकची स्पेशल करण्याचे कारण नाही. थेट त्र्यंबकची सिटीलिंक (महापालिकेची बस) समोर उभी असली तर बसावे. नसली तर तिची वाट पाहण्यापेक्षा शालिमार किंवा सीबीएसकडे जाणारी कोणतीही बस धरावी. शालिमारला उतरले तरी सीबीएस दहा मिनिटे पायी.

रिक्षा करायची तर बसण्याआधीच ‘सीट की स्पेशल’ हे बोलून घ्यावे. सीट म्हणजे माणशी भाडे. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. मागे तिघेच बसायचे असतात, चौथ्याला चालकाशेजारी टेकवले तर ती त्याची सोय, आपली नव्हे. आणि सीटची रिक्षा कुठवर जाणार हेही विचारावे. द्वारका म्हटले की द्वारका चौकातच उतरवतात, आणि मुंबई-आग्रा महामार्ग व पुणे रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथे बॅगा घेऊन रस्ता ओलांडणे म्हणजे काय, ते नाशिककरांना सांगायला नको.

पुढचा घोळ स्टँडांचा. ‘नाशिकचा बस स्टँड’ असे कोणी म्हणाले की आम्ही विचारतो, कोणता? त्र्यंबकची एसटी जुन्या सीबीएसवरून सुटते. पुण्याच्या गाड्यांचा ठक्कर बाजार तिथून चालत जाण्याजोगा, त्याला कोणी नवे सीबीएस म्हणतात. त्याच्या पाठीशी मेळा स्थानक. महामार्ग स्थानक मुंबई नाक्याला आणि निमाणी नदीपलीकडे पंचवटीत. पुण्याहून थेट रेल्वेमार्ग नाही, तिकडचे बहुतेक एसटीनेच येतात आणि वाटेत नाशिकरोड लागले की ‘नाशिक आले’ म्हणून घाईने उतरतात. त्यांनी शेवटपर्यंत बसून राहावे. मुंबईहून लोकलने येणारे कसाऱ्याला उतरतात, कारण लोकल तिथेच संपते. पुढच्या घाटाचा चढ ३७ ला १ (३७ फूट पुढे जाताना एक फूट वर) आहे, तिथे मेल गाड्यांनासुद्धा जादा इंजिने जोडावी लागतात. कसाऱ्याहून सीटच्या टॅक्सी मिळतात. मात्र त्या महामार्ग स्थानक किंवा द्वारकेकडे सोडतात. तिथून सीबीएस गाठायचेच आहे, हे धरून चालावे.

त्र्यंबकच्या एसटीची पाटी मराठीत असते. मराठी अक्षर न ओळखणारा माणूस तिच्या समोर उभा राहून गाडी चुकवतो. वाहकाचा ‘त्र्यंबक, त्र्यंबक’ हा पुकारा ऐकला तरी ‘मला त्र्यंबकेश्वरला जायचे आहे’ म्हणून तो मागे सरतो. दोन्ही एकच, हे त्याला ठाऊक नसते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ च्या पुढे मोफत. आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, हाताशी हवे. ही सवलत एसटीची आहे. सिटीलिंक महापालिकेची, तिचे नियम वेगळे. रांगेत दोन्ही गाड्या एकामागे एक लागल्या की वाहकाशी वाद होतात ते यावरूनच.

सातपूर सुटले की रस्ता मोकळा. वाटेत बेलगाव ढगा, महिरावणी, तळेगाव, खंबाळे, अंजनेरी, पेगलवाडी ही गावे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र पेगलवाडी फाट्यावर गाडी थांबलीच समजा, कारण पहिन्याच्या धबधब्याकडे जाणारी वाहने तिथेच वळतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांनी स्वतःची गाडी घरीच ठेवावी. गर्दी वाढली की खासगी वाहने खंबाळ्याला अडवतात आणि पुढे एसटीनेच जावे लागते. मग नाशकातूनच एसटीत बसलेले काय वाईट?

त्र्यंबक गावात वाहनाची गरजच पडत नाही. स्टँडवरून देऊळ, देवळावरून कुशावर्त कुंड, निवृत्तिनाथांची समाधी, सगळे पायी. गंगाद्वाराला शेकडो पायऱ्या आहेत, ब्रह्मगिरी त्याहूनही वर. पावसात दगड शेवाळलेले असतात, गुळगुळीत तळाची चप्पल घालून गेलेला माणूस उतरताना बसत बसत येतो. नारायण नागबळीसाठी येणाऱ्यांनी तीन दिवसांचा मुक्काम धरून यावे. विधी सकाळी लवकर सुरू होतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी त्र्यंबकलाच पोचलेले बरे. रात्रीच्या गाडीने नाशिकरोडला उतरून पहाटे त्र्यंबक गाठण्याचा बेत अनेकांचा फसतो.

परतीचा हिशेब तर हमखास चुकतो. नकाशावर त्र्यंबक ते नाशिकरोड चाळीसेक किलोमीटर दिसते, म्हणून लोक सव्वा तास धरतात. त्र्यंबक ते सीबीएस एक तास धरा, त्यात सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटायची वेळ असली तर आणखी. सीबीएस, शालिमार, सारडा सर्कल, द्वारका, बिटको हा टप्पा संध्याकाळी पाऊण तासाच्या आत आटपत नाही. मध्ये बस बदलायची, तिची वाट पाहायची. आरक्षण असेल तर गाडीच्या वेळेआधी अडीच तास त्र्यंबक सोडावे. श्रावण, महाशिवरात्र आणि नाताळच्या सुटीत चार.

यातले बरेचसे एका फलकाने सुटेल. तो नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर पडायच्या दारासमोर हवा, जाहिरातींच्या रांगेत नको. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि तेलुगू अशा चार भाषांत. मजकूर एवढाच: ‘नाशिक शहर येथून ९ किमी. त्र्यंबक म्हणजेच त्र्यंबकेश्वर, ३८ किमी. सीबीएसची बस येथे थांबते. त्र्यंबकची एसटी जुन्या सीबीएसवरून.’ खाली त्र्यंबकहून नाशिककडे सुटणाऱ्या शेवटच्या बसची वेळ लिहावी, आणि ती खडूने लिहिता-पुसता येईल अशी जागा ठेवावी, कारण वेळापत्रक बदलते आणि रंगवलेला फलक वर्षानुवर्षे जुनीच वेळ दाखवत राहतो. तसाच एक फलक त्र्यंबकच्या स्टँडवर, उलट दिशेचा.

आपले,
त्र्यंबक रस्त्यावरचे नेहमीचे प्रवासी,
सातपूर, नाशिक